अंगठ्याखालचं बटण

माझी नणंद ऑफिसात हेडबाई आणि घरात ताई. म्हणजे दिवसभर ती माझ्या डोक्यावर बसलेली आणि संध्याकाळनंतरही माझ्याच डोक्यावर. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणते. इथे 'ती' म्हणणार आहे, कारण इथे ऐकायला ती नाही, आणि असती तरी आता काय फरक पडणार होता म्हणा.

ही नोकरी मला तिनेच लावली. ते ती विसरू देत नाही. चहात साखर कमी पडली तरी तिच्या चेहऱ्यावर तेच लिहिलेलं असतं, की बघा, हिला मी चिकटवली आणि ही अशी.

आम्ही जुनी पुस्तकं वाचवतो, असं साहेब आल्यागेल्याला सांगतात. वाचवतो डोंबल! पलीकडच्या खोलीत पुस्तकांचे फोटो निघतात, ते आमच्या लांब टेबलावरच्या संगणकांवर येतात आणि आम्ही ते धुतो. पान तिरकं आलेलं असतं, कडेला फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलेला असतो, कागद पिवळा पडून त्यावर डाग असतात. पान सरळ करा, कडा कापा, कागद पांढरा करा, नंबर घाला, जतन करा, पुढचं पान उघडा. यातल्या प्रत्येक कामाला वरची यादी उघडायची, त्यातलं नाव शोधायचं, टिचकी मारायची, 'नक्की का?' असं त्याने विचारलं की पुन्हा टिचकी मारायची. मग पुढचं पान. मग त्याच्या पुढचं. दिवस मावळतो, पानं संपत नाहीत.

माऊस बिनवायरचा लागतो. मूळ पुस्तक शेजारी उघडं ठेवून ताडून बघायचं असतं, आणि वायर त्या कुरकुरीत पानांत अडकली की पान गेलंच समजा. म्हणून टेबलावर सगळ्यांना ऑफिसचा एकसारखा बिनवायरचा माऊस. साबणाची वडी झिजून झिजून उरते ना, तेवढा. तळवा टेकायला जागा नाही, अंगठा कुठे ठेवायचा ते त्यालाच माहीत नाही. सगळा भार मनगटावर.

माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली ती त्यानेच. आधी डब्याचं झाकण निघेना. मग केस बांधता येईनात. मग भरलेली किटली उचलताना हात असा काही चमकला की किटली ओट्यावर आपटली आणि मी तिथेच खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट खाली वाकवलं, तेव्हा मी किंचाळलेच. त्या म्हणाल्या, "माऊस बदला नाहीतर काम बदला. असंच चालू ठेवलंत तर हात कापून शिवावा लागेल, आणि त्यानंतरही पूर्वीसारखा होईल याची खात्री मी देणार नाही."

काम बदला म्हणे! नवऱ्याची नोकरी फिरतीची, महिन्यातले निम्मे दिवस तो बाहेर. घर चालतं ते माझ्या आणि ताईच्या पगारावर. आणि मला दुसरं येतं काय? हात गेला की मी गेले, इतकं सरळ होतं ते.

म्हणून मी हेडबाईकडे गेले. नणंद म्हणून नाही, वरिष्ठ म्हणून. रीतसर. म्हटलं, "ताई, मला जरा मोठा माऊस मागवून द्या. हाताचं असं असं झालंय."

तिने मानही वर केली नाही. "टेबलावर सगळ्यांना एकच माऊस."

"पण डॉक्टर म्हणाल्या…"

"तुला वेगळा दिला की उद्या लोकरवालीला वेगळी खुर्ची, परवा आजोबांना वेगळा दिवा. नाही जमायचं."

लोकरवाली म्हणजे माझ्या डाव्या हाताला बसणारी. पान उघडेपर्यंत दोन टाके विणून घेते, म्हणून ती लोकरवाली. आजोबा टोकाला. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायचे, आता डोळे अधू आणि हात मंद. त्यांची पानं कधीच पुरी होत नाहीत. संध्याकाळी हेडबाई काय करते, तर ज्यांची जास्त झाली त्यांची थोडी थोडी काढून आजोबांच्या नावावर टाकते. विचारलं तर एकच उत्तर, "आपलं टेबल एकत्र उठतं." कोणी पुढे जायचं नाही, कोणी मागे राहायचं नाही. ऐकायला गोड आहे हो. पण ज्याचा हात तुटतोय त्याने काय करायचं?

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, गेलीस उडत. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः दुकानात गेले.

दुकानदार भला दिसत होता, पण त्याने पहिलाच माऊस काढला तो पोटातून लाल-निळे दिवे लागणारा. "हा जोरात चालतो. गेम खेळायला एक नंबर."

"मी गेम खेळणारी दिसते का तुम्हाला?"

"मुलांसाठी असेल, असं वाटलं."

"मला कामाला हवाय. दिवसभर. हजारो टिचक्या. हात दुखायला नको."

त्याने एक चपटा दिला, पर्समध्ये मावणारा. मी म्हटलं, असला माझ्याकडे आहे, त्यानेच माझी वाट लावली. मग एक उभा दिला, हात मिळवल्यासारखा धरायचा. तो हातात छान बसला, पण पडद्यावरचा बाण हलेचना. "बंद पडलेला विकता का हो?" असं मी जोरात विचारलं, तेव्हा त्याने शांतपणे खाली पुठ्ठा सरकवला. काचेवर चालत नाही म्हणे. दुकानातली दोन माणसं हसली. हसू देत. पुठ्ठ्यावर तो चालला, पण बारीक कडा पकडताना बाण थरथरायला लागला. डागाच्या कडेकडेने जायचं म्हणजे उभा माऊस कामाचा नाही, निदान माझ्या. तोही परत. एकाचं चाक खडखडत होतं. एकाला सेल घालायचे, आणि मधल्याच पानाला सेल मेला की बसा बोंबलत. एक इतका जड की तो सरकवायलाच दुसरा माणूस लागावा.

दुकानदाराने शेवटी मागच्या फळीवरून एक काढला. "बाई, हा बघा आणि मग मला सोडा."

तो माझ्या तळव्याखाली आला आणि माझा हात अक्षरशः निजला. पाठ उंच, तळवा पूर्ण टेकलेला, अंगठ्याला बाजूला छोटा ओटा. चाक बोटाने नुसतं ढकललं की पानंच्या पानं सरकत जातात. आवाज जवळजवळ नाही. वायर लावून भरून ठेवला की आठवडेच्या आठवडे बघायला नको. मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "अंगठ्याखाली हे जे बटण आहे ना, त्याला शिकवता येतं. तुम्ही ओळीने जी कामं रोज करता ती एकदा करून दाखवायची. मग एका दाबात तो सगळी करतो."

"सगळी?"

"सगळी. ओळीने."

मी तोच घेतला. माझ्या पैशाने.

घरी आल्यावर ताईने खोका पाहिला. माझ्याकडे पाहिलं. "घेतलासच?"

"घेतला."

"ऑफिसात आणशील?"

"मग काय पोळपाटावर फिरवू?"

ती म्हणाली, "आणायचाच तर आण. पण बटणांच्या भानगडीत पडू नकोस. साधा वापर. ऐकतेस ना?"

मला वाटलं, बाई जळते. मी हिच्यापुढे जाईन म्हणून हिच्या पोटात दुखतंय. मी 'हो' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बटणाला सहाही कामं शिकवून मोकळी झाले.

काय सांगू तुम्हाला! अंगठा टेकवायचा, पान सरळ, कडा गायब, कागद पांढरा, नंबर लागला, जतन झालं, पुढचं पान हजर. मी नुसती बघत बसायची. अंगठ्याची कळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोथट झाली. घरी मी स्वतः झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरात एकटीच हसले.

पण आमच्या संगणकांवर कोपऱ्यात एक ठिपका असतो. माऊस हलत असला की हिरवा, थांबला की करडा. साहेबांना त्यावरून कळतं म्हणे, कोण काम करतंय. माझा माऊस हलतोय कशाला? तो नुसता तिथे बसलाय आणि अंगठा दाबतेय मी. माझा ठिपका सारखा करडा. हेडबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हात हलता ठेव."

"काम होतंय की."

"झालं तरी हलता ठेव. उगाच गोल गोल फिरव."

"उगाच? माझा हात वाचावा म्हणून मी माऊस घेतला, आणि तो मी उगाच फिरवू? डोकं ठिकाणावर आहे ना?"

लोकरवालीच्या सुया थांबल्या. हेडबाईने आवाज चढवला नाही, तिला त्याची गरजच पडत नाही. संध्याकाळी तिने माझी ढीगभर पानं उचलली आणि नेहमीसारखी वाटून टाकली, आजोबांना जास्त, बाकीच्यांना थोडी थोडी. माझ्या नावावर उरली ती रोजच्याइतकीच.

मग मात्र माझा तोल गेला. "माझी पानं माझ्या नावावर राहू देत! मी काय यांची मजूर आहे?"

आजोबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मला दिसलं ते. पण तोंड सुटलं होतं.

"आवाज खाली," हेडबाई म्हणाली.

"नाही करत खाली. साहेब येऊ देत, त्यांनाच दाखवते मी हा माऊस. कळू दे तरी त्यांना, टेबलावर काम कोण करतं."

"दाखवू नकोस."

"धमकी देता?"

"विनंती समज."

जन्मात तिने मला विनंती केलेली नाही. शहाण्या बाईला तिथेच काहीतरी खटकलं असतं. मला आनंद झाला, की घाबरली! आणि तेवढ्यात तिने काय करावं? माझ्या हाताखालचा माऊस उचलला, स्वतःच्या खणात टाकला आणि किल्ली फिरवली. माझा माऊस! माझ्यापुढे ती साबणाची वडी सरकवली आणि म्हणाली, "ऑफिसात ऑफिसचाच माऊस."

तो आठवडा मी त्या वडीवर काढला. कळ परत आली, आधीपेक्षा वाईट. रात्री उशीवर हात कुठे ठेवू कळेना. घरी मी तिच्याशी बोलत नव्हते, ती माझ्याशी बोलत नव्हती, नवरा फोनवर विचारी, "दोघी कशा आहात?" आणि आम्ही दोघी "मजेत" म्हणत असू. तिने एकदा माझ्यापुढे दुखण्याचं मलम आणून ठेवलं. मी ते परत तिच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवलं. मला मलम नको होतं, माझा माऊस हवा होता.

साहेब आले तेव्हा मी उठूनच उभी राहिले. "साहेब, हेडबाईंनी माझी वस्तू खणात कोंडलीये. ती द्यायला सांगा. आणि मग दोन मिनिटं माझ्यामागे उभे राहा."

हेडबाई म्हणाली, "घरचं भांडण आहे साहेब, मी बघते."

"घरचं नाही, कामाचं आहे," मी म्हटलं. साहेबांनी खणाकडे बोट केलं. तिने किल्ली काढली, खण उघडला, माऊस माझ्यापुढे ठेवला. तिचा हात गार होता, माझ्या हाताला लागला तो.

मी बसले. अंगठा टेकवला. पान, पान, पान. साहेब वाकले. मी मुद्दाम उजवा हात वर उचलून डाव्या हाताच्या बोटाने बटण दाबून दाखवलं, आणखी पानं झाली. टेबलावरचं कुणीच काम करत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी अशी फुलले होते की विचारू नका.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "यात तू काय करतेस?"

"बटण दाबते."

"पान बघतेस का नीट?"

"बघायची गरजच नाही साहेब. सगळ्यांना तीच सहा कामं लागतात. चुकत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही!" मी छाती काढून म्हटलं.

साहेब सरळ उभे राहिले. काहीतरी मोजत असल्यासारखे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले. मग अगदी साध्या आवाजात, कुतूहलाने म्हणाले, "मग हे बटण दाबायला तरी माणूस कशाला हवा?"

मी बटणावरून बोट उचललं.

संगणकवाला आला तो दोनच दिवसांनी. साहेब त्याच्या खांद्यावरून बघत उभे होते. त्याने माझ्या संगणकावर काहीतरी उघडलं, मग शेजारच्या, मग आजोबांच्या, आणि गालात हसला. "साहेब, याला नवीन काही लागणारच नाही. या प्रोग्रॅममध्ये आधीपासून सोय आहे, अख्खं पुस्तक एकदम द्यायचं, तो आपलं आपण साफ करून ठेवतो. फक्त प्रत्येक संगणकावर कोणीतरी ती यादीतून काढून टाकलीये. फार पूर्वी. सुरुवातीलाच म्हणा ना."

"कोणी?"

"ज्याच्याकडे मुख्य पासवर्ड असेल त्यानेच."

मुख्य पासवर्ड एकाच माणसाकडे होता. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. हेडबाईने टेबलावरचं उघडं पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी काढली." बस. ना खुलासा, ना माफी.

आठवडा उलटायच्या आत टेबल उठलं. खरंच एकत्र उठलं, हेडबाईसकट. लोकरवालीने विणकाम पिशवीत भरलं आणि माझ्याकडे न बघता गेली. आजोबा मात्र थांबले. मला वाटलं, शिव्या घालतील. ते म्हणाले, "चांगला हात आहे बाई तुझा, जप." आणि जिना उतरायला लागले. शिव्या परवडल्या असत्या. साहेबांनी मला शेवटी बोलावलं, पाठ थोपटली आणि सांगितलं, की तुझ्यामुळे मोठी गोष्ट लक्षात आली, आता मात्र तुलाही देण्यासारखं काम उरलेलं नाही.

घरी आले तर ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत बसलेली. मी पर्स फेकली.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या महिन्यापासून."

"आणि मला झुलवत ठेवलंत! माझा हात सुजलेला बघत होतात. मी रात्र रात्र तळमळत होते भिंतीपलीकडे. मला बाजूला घेऊन एवढं एक वाक्य सांगता आलं नाही? की अगं, हे साहेबांना कळलं तर सगळ्यांची नोकरी जाईल, गप्प बस? मी काय परकी होते?"

तिने सुरी खाली ठेवली. पहिल्यांदाच ती माझ्याकडे रागाने बघत होती. इतकी वर्षं मी जो राग समजत होते तो राग नव्हताच, हे त्या नजरेने मला कळलं. राग हा होता.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर बसली असतीस गप्प?"

"बसले असते!"

"मोठा माऊस मिळाला, हात दुखायचा थांबला, तरी तुझं भागलं नाही. तुझी पानं तुझ्या नावावर हवी होती. म्हाताऱ्या माणसासमोर ओरडलीस. विनंती केली तर धमकी म्हणालीस. आणि हे सांगितलं असतं, तर तू ते पोटात ठेवलं असतंस? खरं सांग. मला नको सांगूस, स्वतःला सांग."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला भांडायचं होतं, शब्द जिभेवर होते. पण मी माझ्या डोळ्यांसमोर मला पाहिलं, ते गुपित कळल्यावरची मी. पहिला दिवस गप्प बसले असते. दुसरा दिवसही. मग एखाद्या दिवशी ती मला सगळ्यांसमोर काही बोलली असती, आणि मी…

"नसते बसले," मी म्हटलं.

तिने मान हलवली, पुन्हा सुरी घेतली.

तेवढ्यात कडी वाजली. नवरा फिरतीवरून परत आला होता. बॅग खाली ठेवून त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं, भर दुपारी आम्ही दोघीही घरात, आणि विचारलं, "काय झालं? ताई, तू आज घरी?"

ताईने चिरलेली भाजी ताटात लोटली.

"काही नाही रे," ती म्हणाली. "हिने घेतलेला माऊस फार चांगला निघाला."